गंज, सात नग

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. दुकानाची पाटी असो, लग्नाची पत्रिका असो, दवाखान्यातली सूचना असो, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. आमचे हे म्हणायचे, हिच्या हातात पेन नसलं तरी नजर लाल असते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो घोळ झाला तो ह्याच शहाणपणातून झाला.

आम्ही नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि काचबिंदूने ह्यांना जवळजवळ दिसेनासं झालेलं. खिडकी कुठे आहे तेवढं उजेडावरून कळायचं. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये हयात गेलेला माणूस, ज्याच्या बोटाला केसाएवढा फरक कळायचा, तो भिंत चाचपत चालायला लागला. घरातलं एकेक काम हातून सुटत गेलं. आधी बँक गेली, मग भाजी, मग दाराचं कुलूप लावणं. एक काम मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही, ते म्हणजे सकाळचा चहा.

त्या चहाचं एक पातेलं होतं. अॅल्युमिनियमचं, आमच्या लग्नात आलेलं, कडेवर कुण्या मावशीचं नाव घातलेलं आणि घासून घासून पुसलेलं. एकदा खलबत्त्यातला बत्ता माझ्या हातून निसटून त्यात पडला आणि त्याचं बूड बाहेर आलं. तेव्हापासून ते शेगडीवर नीट बसेना. पाणी उकळायला लागलं की टकटक टकटक वाजायचं. किती वर्षं मी मागे लागले होते, अहो, ते कसबा पेठेत तांबटाकडे नेऊन ठोकून आणा, सकाळी सकाळी डोक्यात जातं ते. हे म्हणायचे, असू दे. डोळे गेल्यावर त्या टकटकीची किंमत मला कळली. दुसऱ्या पातेल्यात पाणी नुसतं तापलंय की उकळलंय ते त्यांना समजत नसे. एकदा अंदाज घ्यायला हात जवळ नेला आणि चांगलं भाजून घेतलं. ह्या पातेल्यात पाणी उकळलं की पातेलंच सांगायचं. मग मोजून साखर, मोजून पावडर, कपाने दूध, आणि माझा कप माझ्या पलंगापर्यंत. रोज, न चुकता.

आमची मुलगी हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत. तिने तिकडेच, तिच्या शेजारच्या इमारतीत आमच्यासाठी फ्लॅट बघितला. आई, लिफ्ट आहे, बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत, खाली दवाखाना आहे, असा तिचा पाढा सुरू झाला. मी लगेच विरघळले. खरं सांगायचं तर त्या जिन्याची मला धास्ती बसली होती. हे मात्र चार दिवस गप्प होते. मग एकदा जेवताना म्हणाले, ‘‘सकाळचा चहा तिथेही मीच करणार. कबूल असेल तर येतो.’’

मी कबूल केलं. केलं खरं, पण मनातून घाबरले होते. नवं स्वयंपाकघर, नवा ओटा, ना पायाखालची जमीन ओळखीची ना हाताखालची. म्हणून मुलीला हळूच सांगून मी एक विजेची किटली आणवली. पाणी उकळलं की आपोआप बंद होते म्हणे. ह्यांनी ती हातात घेतली, झाकण उघडून पाहिलं, बटण दाबून पाहिलं आणि टेबलावर ठेवून दिली. मीही विषय वाढवला नाही.

सामान हलवायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, एक टेम्पो सांगू, बाकी आपण बांधू. मुलगी म्हणाली, आई, तुझी कंबर आणि बाबांचे डोळे, कोण बांधणार? तिने इंटरनेटवर बघून पॅकर्स अँड मूव्हर्स ठरवले. ज्या दिवशी ते येणार त्या दिवशी तिला मात्र सुट्टी मिळेना. कंपनीत डिलिव्हरी आहे म्हणाली. आमच्या काळी ह्या शब्दाला पेढे वाटायचे. मी म्हटलं, जा बाई, मी आहे.

सकाळी आठ म्हणजे आठला पाच माणसं हजर. मी घड्याळ बघून ठेवलं होतं, ते वाया गेलं. खोकी, जाड चिकटपट्टीची रिळं, फुग्याफुग्यांचं प्लास्टिक, जुनी ब्लँकेटं असा सगळा पसारा त्यांनी जिन्यातून वर आणला. त्यांचा मुकादम चाळिशीचा होता, यवतमाळकडचा. एका कारखान्यात नोकरी आहे म्हणून पुण्यात आला, तो कारखाना कंत्राटावर गेला आणि हा ह्या धंद्यात शिरला, असं त्यानेच मागाहून सांगितलं. मला मॅडम म्हणायचा, ह्यांना काका. अक्षर मात्र सुरेख होतं, वळणदार. ते मी मनातल्या मनात मान्य केलं, तोंडावर नाही.

त्यांची एक पद्धत असते. वस्तू बांधायच्या आधी ती आत्ता कशी आहे ते यादीत लिहायचं, म्हणजे मागाहून भांडण नको. मला हे काही माहीत नव्हतं. तो माणूस घरभर फिरत लिहीत होता आणि मी त्याच्या खांद्यावरून वाचत होते. कपाट, जुने, ओरखडे. टेबल, जुने, पाय हलतो. सोफा, जुना, उसवलेला. पन्नास वर्षांचा संसार आणि हा परका माणूस प्रत्येक ओळीत जुने, जुने म्हणून शिक्का मारतोय. माझी सटकलीच. मी म्हटलं, आमचे हे तिथे खुर्चीत बसलेत, त्यांच्याही पुढे लिहून टाका, जुने, दिसत नाही. तो बिचारा ओशाळला. म्हणाला, नियम आहे मॅडम, रागावू नका. खुर्चीतून हसू आलं ते ह्यांचं.

मग मी लाल पेन काढलं. हो, खरंच काढलं. ओरखडा, आरसा, गादी, जिथे जिथे शब्द खटकला तिथे त्याच्या यादीत दुरुस्ती केली. त्याने यादी निमूटपणे पुढे धरली. आज आठवलं की मलाच माझी लाज वाटते.

ह्यांनी तेवढ्यात त्याला हाक मारली. चहाचं पातेलं कुठलं ते सांगितलं, बुडावरून बोट फिरवायला लावलं आणि म्हणाले, हे वरच्या वर ठेवा, उद्या सकाळी सगळ्यात आधी हेच लागणार आहे. त्याने ते टॉवेलात गुंडाळून ठेवतो म्हणून सांगितलं. पण ह्यांनी टॉवेल नको म्हटलं, ते काही काचेचं नाही. मी तेव्हा गॅलरीत होते, हे सगळं मला मागाहून कळलं. गॅलरीत वर्षानुवर्षांचं लोखंड साठलं होतं, बिजागऱ्या, खिळे, मोडकी करवत, बादलीच्या कड्या. मी मुकादमाला बजावलं, जे जे गंजलंय ते वेगळं काढा, ते न्यायचं नाही, भंगारात द्यायचंय. तो हो म्हणाला.

दुपारी दोनच्या सुमाराला माणसं सामान खाली उतरवत होती. ट्रक आमच्या गल्लीत येत नव्हता, तो लांब रस्त्यावर लावलेला, त्यामुळे खेपा चालल्या होत्या. तेवढ्यात आमचा नेहमीचा भंगारवाला वर आला. दाराशी एक पोतं होतं, लोखंडाचं. त्याच्या शेजारी एक खोकं, नीट चिकटपट्टी लावलेलं, आणि त्यावर त्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं, ‘गंज’. मी मनात म्हटलं, शाब्बास, सांगितलेलं ऐकतो हा माणूस. गंजलेल्या सामानाला एवढी चिकटपट्टी कशाला वाया घालवली, असंही मनात आलं. भंगारवाल्याला म्हटलं, हेही न्या. त्याने पोतं खांद्यावर घेतलं, खोकं काखेत मारलं आणि गेला. हे बाहेरच्या खोलीत शेवटच्या उरलेल्या खुर्चीवर बसले होते.

संध्याकाळी नव्या घरी मुकादम एकेक खोकं आत घेत यादीवर खुणा करत होता. चौदा नंबर येईना. त्याने ट्रक दोनदा पाहिला, माणसांना विचारलं. किचनचं खोकं आहे, असं तो म्हणाला. मी स्वयंपाकघरातली सगळी खोकी फोडली. ताटं होती, डबे होते, कढई होती. पातेलं एकही नव्हतं. अगदी एकसुद्धा.

मी त्या माणसाला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. निष्काळजी म्हटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे, नेमकं भांड्यांचंच खोकं कसं गेलं हो, असं विचारलं. त्याला त्यातला अर्थ कळला. तोंड एवढंसं झालं त्याचं. हे मधे म्हणाले, जाऊ दे, त्यांना बोल लावू नकोस. मी म्हटलं, तुमच्यासाठीच भांडतेय. दुसऱ्या दिवशी मी पॅकर्सच्या ऑफिसात फोन करून रीतसर तक्रार केली. फोन ठेवल्यावरही हे तेच म्हणाले, अगं, जाऊ दे ना, कशाला त्या माणसाच्या पोटावर पाय. मला वाटलं, ह्यांचा स्वभावच मऊ.

दोन दिवस चहा मी केला. किटलीत. ह्यांनी पातेल्याविषयी एक शब्द विचारला नाही, दुसरं पातेलं आणू का म्हटलं तर आणलं नाही तरी चालेल म्हणाले. नवं घर हिंडून बघायचं, पावलं मोजायची, असं येताना ठरवलं होतं. तेही केलं नाही. गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहायचे, दिलेला चहा प्यायचे आणि कप तिथेच खाली ठेवायचे. मला त्यांच्याकडे बघवेना. आणि जितकं बघवेना तितका त्या मुकादमावरचा राग वाढत गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात तोच. आज सुट्टी आहे म्हणाला. हातात यादी आणि एक कापडी पिशवी. मी दारातच उभी राहिले, या म्हटलं नाही. हेच आतून म्हणाले, कोण, मुकादम का, या, बसा.

तो बसला. आधी पिशवीतून एक पातेलं काढलं. अॅल्युमिनियमचं, स्वच्छ घासलेलं. म्हणाला, घरातलंच आहे, काकांच्या चहासाठी आणलं, नवं नाही. मग त्याने सांगितलं की तो आमच्या जुन्या घरी जाऊन आला, जिना पाहिला, खालच्या बिऱ्हाडात चौकशी केली. आणि खूप अडखळत, जमिनीकडे बघत त्याने विचारलं की भंगारवाल्याला चुकून एखादं खोकं गेलं असेल का.

मी ताडकन म्हटलं, ‘‘भंगारात मी फक्त गंज दिला. खोक्यावर तुमच्याच हाताने लिहिलं होतं, गंज.’’

त्याने पिशवी बाजूला सारली. मग त्याने यादी उघडली आणि चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं. गंज, सात नग.

‘‘मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘आमच्याकडे पातेल्याले गंज म्हणतात ना जी.’’

मी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. ह्याच यादीवर मी लाल पेन चालवलं होतं. त्या ओळीपर्यंत आले तेव्हा कुणीतरी हाक मारली असेल, किंवा शब्द शुद्ध दिसला म्हणून पुढे गेले असेन. शुद्धच होता तो. माझ्याच मराठीतला, माझ्याच राज्यातला, आणि मला ठाऊक नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ह्याचा मी किती पोरांना वाक्यात उपयोग करायला लावला असेल. मी खाली बसले.

आणि हे हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्यांदा. थांबेनात. डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढला, पुसला, परत हसले. गंज, सात नग, असं म्हणायचे आणि परत सुरू. मला त्या हसण्याचा राग आला. पातेलं गेलं ते ह्यांचं, माणूस नाहक बदनाम झाला, आणि ह्यांना हसू सुचतंय. मी तसं बोलूनही दाखवलं. तरी हसतच होते.

मुकादमापुढे मी हात जोडले. असं मी आयुष्यात फार थोड्या वेळा केलंय. तो उठून उभाच राहिला, अहो मॅडम, असं काय, म्हणून. त्याच्यासमोर त्यांच्या ऑफिसला फोन लावला आणि चूक माझी आहे, संपूर्ण माझी आहे, ह्या माणसाची काही चूक नाही, असं स्वच्छ सांगितलं. पलीकडच्या मुलीने थँक्यू मॅडम म्हटलं आणि दुसरी काही सेवा हवी का विचारलं. मुकादमाने तेव्हा कुठे पाणी घेतलं. त्याला ऑफिसने पुढची दोन कामं दिली नव्हती, हे जाताना लिफ्टपाशी कळलं. त्यानेच मग भंगारवाल्याकडेही चक्कर मारली. पण अॅल्युमिनियम त्याच दिवशी पुढे गेलं होतं. वितळलंही असेल.

त्याने दिलेलं पातेलं चांगलं होतं, पण बूड सपाट. पाणी उकळून सांडलं तरी हूं की चूं नाही. रविवारी आम्ही रिक्षा केली आणि ते घेऊन कसबा पेठेत तांबटाकडे गेलो. दुकानात म्हातारे गृहस्थ मान खाली घालून घंगाळ ठोकत होते. मी म्हटलं, ह्याचं बूड जरा बाहेर काढून हवंय. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. परत सांगितलं तेव्हा वर बघितलं आणि म्हणाले, ‘‘सगळं गाव पोचे काढायला येतं. आपण घालून घ्यायला आलात?’’

मी तोंड उघडायच्या आत हे पुढे झाले. बूड कुठे, किती, कसं, ते बोटाने दाखवलं. टूलरूममधला माणूस आणि तांबट, दोघांचं लगेच जमलं. चार ठोके घातले, शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीवर पाणी ठेवून पाहिलं, वाजेना. परत दोन ठोके. तेव्हा नुसतं डुगडुगलं. ह्यांनी बुडावरून बोट फिरवून सांगितलं, इकडच्या अंगाला अजून एक, हलका. तांबट पुटपुटले, गिऱ्हाईक की परीक्षक. तो ठोका पडला आणि पाणी उकळलं तसं पातेलं बोलायला लागलं. टकटक टकटक. ह्यांनी मान तिरकी करून ते पूर्ण ऐकलं आणि मग खिशात हात घातला. तांबटांनी काही घेतलं नाही. म्हणाले, भांडं बिघडवायचे घेत नाही.

सोमवारी सकाळी मी जागी होते, पण उठले नाही. भिंतीवरून त्यांचा हात सरकत गेलेला ऐकला. लायटर, नळ, भांड्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही. माझे कान तिकडेच. आणि मग सुरू झालं. ज्या आवाजावर मी वर्षानुवर्षं करवादले त्याने मला रडू आलं. थोड्या वेळाने ते कप घेऊन आले, मोजून अकरा पावलं, आणि पलंगाच्या कडेला बसले.

‘‘त्या दिवशी भंगारवाला खोकं घेऊन माझ्यासमोरून गेला ना,’’ ते म्हणाले, ‘‘आत भांडी वाजली. आपलं पातेलं मला ऐकू आलं.’’

मी म्हटलं, मग तेव्हाच बोलला का नाहीत?

‘‘मला वाटलं, तू मुद्दाम दिलंस. किटली आलेलीच होती.’’

मी कप खाली ठेवला. म्हणजे ते दोन दिवस गॅलरीत बसून ह्या माणसाने हे मनात धरलं होतं. मी फोनवर तणतणत होते, परक्या माणसाला चोर ठरवत होते, आणि ह्यांना वाटत होतं की मी नाटक करतेय. आपल्याला आता स्वयंपाकघरात यायला नको म्हणून बायकोनेच बेत केलाय, असं समजून ते माझ्या हातचा चहा मुकाट्याने पीत होते. आणि मी तरी छातीवर हात ठेवून काय सांगणार होते? किटली मीच आणवली होती की.

‘‘अहो,’’ मी एवढंच म्हणाले, ‘‘मला त्या शब्दाचा अर्थच माहीत नव्हता.’’

‘‘कळलं गं ते,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणून तर एवढा हसलो.’’

मग त्यांनी विचारलं, साखर नीट पडलीय का. दोनदा पडली होती. मी म्हटलं, नीट आहे. किटली मी त्याच दिवशी खोक्यात घालून मुलीकडे परत पाठवली. खोक्यावर ठळक अक्षरात लिहिलं, किटली. आणि खाली, कंसात, पाणी तापवण्याची.